रिकाम्या शाळेचं मीटर

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. साडेअकराला पोरं सुटतात, ऑफिस आवरून साडेबाराला कुलूप लागतं. तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं असंच असेल. तर येत्या शनिवारी कुलूप लावायच्या आधी विजेच्या मीटरच्या पेटीपाशी जा आणि आकडा लिहून घ्या, दशांश चिन्हापुढचाही. सोमवारी परिपाठाआधी, कुणी एकही बटण दाबायच्या आत, पुन्हा आकडा घ्या. वजाबाकी करा. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं करा.

आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा शनिवारी दुपारी आकडा होता ४१२८६.३ आणि सोमवारी साडेदहाला ४१३००.९. म्हणजे ४६ तासांत १४.६ युनिट. शाळेत चिटपाखरू नाही आणि सरासरी सव्वातीनशे वॅट अखंड चालू. शाळा बंद असण्याचे महिन्यातले तास मोजले तर साधारण ५६५ भरले. त्या हिशेबानं महिन्याला पावणेदोनशेच्या वर युनिटं कुलूपबंद शाळेत जळत होती. त्या महिन्याचं बिल होतं ७६० युनिटांचं. पाव बिलाला थोडंसंच कमी.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पाचवी ते दहावी, ४१२ पोरं, बारा वर्गखोल्या, प्रयोगशाळा, संगणक कक्ष. शाळेतला पर्यावरणाचा गट, हरित सेना, माझ्याकडे आहे. म्हणजे दरवर्षी १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिनाची फेरी काढायची, ‘वीज वाचवा’चे फलक रंगवून घ्यायचे, फोटो वर पाठवायचे. नऊ वर्षं मी हे इमानेइतबारे केलं. त्यानं बिल कमी झालं का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मुळात बिल किती येतं हेच ठाऊक नव्हतं. बिल लिपिक भरायचे आणि फाईलला लावायचे. वेतनेतर अनुदान येईल तेव्हा येईल, तोवर हेडसर संस्थेकडे फेऱ्या मारायचे.

बिलांची फाईल

तेव्हा पहिला चहा लिपिकांना पाजा आणि मागच्या दोन वर्षांची बिलं मागून घ्या. प्रत्येक बिलावरून चार गोष्टी वहीत उतरवा: बिलाचा कालावधी, मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि युनिट. रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असलं काही छापलेलं असेल तर ते बिल सरासरीचं आहे, तुलनेसाठी निरुपयोगी. ते लाल पेनानं खोडा आणि पुढचं खरं रीडिंग आलं की दोन्ही महिने मिळून एकच धरा. बिलावर ‘गुणक’ म्हणून एक आकडा असतो. तो १ असेल तर सोडून द्या. मोठ्या शाळेत तो जास्त असू शकतो, मग मीटरवरच्या फरकाला त्यानं गुणावं लागतं.

खाली स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी उतरंड असते. त्यातला स्थिर आकार शाळा महिनाभर बंद ठेवली तरी भरावाच लागतो. तेव्हा तो आणि थकबाकी वगळून उरलेली रक्कम भागिले युनिट केलं की तुम्हाला एक युनिट खरंच कितीला पडतं ते कळतं. आम्हाला साडेआठ रुपयांना पडत होतं. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढं कुणी काही विकायला आलं की तो उपयोगी पडतो. आणि दर वर्गही बघून घ्या. शाळांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा वर्ग आहे. बांधकामाच्या वेळी घेतलेलं एखादं मीटर व्यापारी दरावर तसंच राहिलेलं असू शकतं.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची व्हायची नाही. पहिल्या वर्षी जानेवारीत आम्ही सुरुवात केली. एप्रिलचं बिल आलं ४३० युनिटांचं. जानेवारीत तेच साडेसातशेच्या आसपास होतं. मी परिपाठाला उभा राहून बिल उंच धरलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, हेडसरांनी खिशातून पेढ्यांचे पैसे काढले. मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी येऊन शांतपणे म्हणाली, “सर, पण शाळा सकाळची झाली ना.”

खरंच होतं. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळी सात ते अकरा-साडेअकरा, दहावीची पोरं परीक्षा संपवून गेलेली, संगणक कक्षाला कुलूप. आम्ही काहीही केलं नसतं तरी बिल उतरलंच असतं. तेव्हापासून नियम केला: तुलना मागच्या महिन्याशी करायचीच नाही. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची, आणि तीही दर शालेय दिवसाला किती युनिट अशी. बिलाचा कालावधी एक तारखेला सुरू होत नाही, त्यामुळे त्या तारखांमध्ये शाळा किती दिवस भरली ते हजेरीपत्रकावरून मोजावं लागतं. गणेशोत्सव, दिवाळी, स्थानिक यात्रेची सुट्टी, सगळं त्यात येतं. हे काम त्या मुलीलाच दिलं. आता ती अकरावीला गेली, पण वही तिच्याच अक्षरात सुरू झालेली आहे.

लुकलुकणारा दिवा

शनिवार-सोमवारच्या वजाबाकीनं गळती किती हे कळतं, कुठं हे कळत नाही. त्यासाठी मीटरवरचा तो छोटा लाल दिवा बघा. त्याच्या शेजारी ‘१६०० इम्पल्स’ किंवा ‘३२०० इम्पल्स’ प्रति युनिट असं लिहिलेलं असतं. आमचं मीटर १६०० चं. म्हणजे दिवा १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तासभर, म्हणजे ३६ लाख वॅट-सेकंद. त्याला १६०० नं भागा, २२५० येतात. तर सूत्र असं: दोन लुकलुकींमध्ये जितके सेकंद, त्यानं २२५० ला भागा, उत्तर येईल तितके वॅट या क्षणी शाळेत चालू आहेत. मीटर ३२०० चं असेल तर ११२५ ला भागा. एकाच लुकलुकीवर भरवसा ठेवू नका, दहा लुकलुकींचा वेळ घेऊन दहानं भागा.

हा तास मी नववीला घेतो आणि वीजप्रवाहाचा धडा एरवी दोन आठवड्यांत कळत नाही तो अर्ध्या तासात कळतो. एक पोरगा वर्गात पंखा लावतो, दुसरा मीटरपाशी ओरडतो, “वाढला, वाढला!” मीटरच्या पेटीला किंवा फ्यूजच्या बोर्डाला पोरांनी हात लावायचा नाही, हे मात्र आधीच दरडावून सांगा. त्यांनी दोन हात लांबून बघायचं, घड्याळ धरायचं. एमसीबी, म्हणजे एकेक लाईन तोडणारी बोर्डावरची बटणं, खालीवर करायची ती मी किंवा वायरमननं.

एका रविवारी दुपारी मी, वायरमन आणि शिपाईमामा असे तिघं गेलो. सगळे वर्ग बंद. दहा लुकलुकी ३६ सेकंदांत, म्हणजे सुमारे ६२५ वॅट! पाण्याच्या कूलरचा एमसीबी पाडला, तर दहाला १५६ सेकंद लागले: १४४ वॅट. म्हणजे कॉम्प्रेसर चालू असताना कूलर एकटा ४८० खात होता. तो मध्येमध्ये बंद पडतो, पण रविवारी शाळेत पाणी प्यायला कुणी नसताना दोन दिवस तो पाणी गार ठेवत बसला होता. मग संगणक कक्षाची लाईन पाडली. आता दिवा ४१ सेकंदांनी एकदा. ५५ वॅट राहिले. आकड्यावरूनच वायरमन म्हणाला, “सर, ही जुन्या चोकची ट्यूब आहे कुठंतरी.” शोधत गेलो तर मागच्या व्हरांड्यात, स्वच्छतागृहाकडे जाताना, एक ट्यूब भर उन्हात जळत होती. तिचं बटण होतं कुलूप असलेल्या भांडारखोलीत. मामा म्हणाले, “ती आमच्या लग्नाच्या आधीपासून चालूच आहे.”

संगणक कक्षातले ८९ वॅट जरा किचकट निघाले. संगणक बंद होते, पण यूपीएस (वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारी बॅटरीची पेटी) चालू, आणि त्याच यूपीएसवर सीसीटीव्ही. कॅमेरे बंद करता येत नाहीत, करूही नयेत. वायरमननं कॅमेऱ्यांना छोटी वेगळी लाईन काढून दिली, अर्ध्या दिवसाचं काम. आता संध्याकाळी मोठा यूपीएस बंद होतो, कॅमेऱ्यांचे २५ वॅट तेवढे राहतात. कूलरला वार लावता येणारा टायमर बसवला: शाळा भरलेली असेल तेवढाच वेळ चालू, शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत बंद. टायमर घेताना तो १६ अँपिअरचा घ्या, कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो आणि हलका टायमर महिन्यात जळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कूलर पूर्ण बंद. आमच्याकडे थंडीत माठाचंही पाणी पोरांच्या दातांना लागतं. लांब सुट्टीनंतर मात्र टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. व्हरांड्याच्या ट्यूबचं बटण बाहेर आणलं, समोरच्या फाटकापाशी १२ वॅटचा एलईडी लावला.

दोन आठवड्यांनी सोमवारची वजाबाकी आली १.५.

पंखे, ट्यूब आणि विक्रेत्याचं गणित

इथवर आलात की लोक पंखे बदलायला सांगतात. जरा थांबा. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॅटचा, वाचतात ४५. आमच्याकडे आलेला विक्रेता म्हणाला, दीड-दोन वर्षांत पैसे वसूल. ते घरात असेल, जिथं पंखा रात्रंदिवस फिरतो. शाळेत वर्ग भरतो दिवसाला साडेपाच तास आणि वर्षाला २२० दिवस, तेही प्रत्येक दिवशी पंखा लागला असं धरून. ४५ गुणिले साडेपाच गुणिले २२० म्हणजे वर्षाला ५५ युनिटंही पुरती होत नाहीत. साडेआठनं गुणलं तर साधारण ४६० रुपये. पंखा २,८०० चा. सहा वर्षं. वाईट सौदा नाही, पण घाईही नाही. आम्ही ठरवलं: जुना पंखा जळला की त्या जागी बीएलडीसी, रिवाइंडिंगला पाठवायचा नाही. अपवाद ऑफिस आणि शिक्षक खोलीचा, कारण तिथले पंखे आठ तास फिरतात आणि सुट्टीतही फिरतात. जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर तोही काढा. पंखा हळू केला की तो तापतो, म्हणजे वाचवलेली वीज तोच खातो.

ट्यूबचं गणित उलटं आहे. चोकसकट ५५ वॅटच्या जागी २० वॅटची एलईडी, किंमत अडीचशेच्या घरात. दिवसाला चार तास धरले तरी वर्षाला ३० युनिटं वाचतात, पैसे वर्षात फिटतात. तेव्हा आधी ट्यूब, मग पंखे. काढलेल्या जुन्या ट्यूब फोडू देऊ नका, त्यांच्यात पारा असतो. आणि काढलेलं काहीही परस्पर भंगारात देऊ नका. प्रत्येक पंखा शाळेच्या सामानाच्या, म्हणजे जडवस्तू नोंदवहीत चढलेला असतो. निर्लेखन केल्याशिवाय, म्हणजे तिथून रीतसर कमी केल्याशिवाय, तो हलला तर पुढच्या तपासणीत उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आमच्या भांडारात सात बंद पडलेले संगणक याच कारणानं चार वर्षं पडून होते. एका सभेत निर्लेखनाचा ठराव घेतला, तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे ते गेले.

पण ट्यूब बदलायच्याही आधी खिडक्या बघा. आमच्या सातवी अ मध्ये भर दुपारी चार ट्यूब लावून पोरं बसायची. खिडकीच्या काचांवर कुणी तरी कधी तरी तैलरंग मारला होता, का ते कुणालाच सांगता येईना. एका खिडकीपुढे कपाट, दुसरीवर पताका आणि तक्ते. एका शनिवारी काचा घासल्या, कपाट भिंतीकडे सरकवलं, छताला पांढरा चुना दिला. त्या वर्गात आता पावसाळी दिवस सोडला तर ट्यूब लागतच नाही. वायरिंगचं काम निघालंच तर वायरमनला सांगून खिडकीकडची ओळ एका बटणावर आणि आतली ओळ दुसऱ्यावर घ्या. बऱ्याच शाळांत एका बटणावर सगळा वर्ग उजळतो, मग मागच्या एका बाकावर अंधार म्हणून चारही ट्यूब जळतात.

पंपाचं थोडक्यात: टाकी भरून वाहते का ते बघा. वाहत असेल तर पाणी आणि वीज दोन्ही गटारात. पातळीला आपोआप बंद होणारा स्विच लावा.

सोलरबद्दल सगळेच विचारतात. घ्या, पण आधी वरची गळती बुजवा, मग किती किलोवॅटचं ते ठरवा. नाहीतर चालू कूलरसाठी छतावर पत्रे चढवल्यासारखं होतं. आणि नेट मीटरिंगशिवाय, म्हणजे जास्तीची वीज कंपनीला देऊन बिलातून वळती करून घेण्याच्या सोयीशिवाय, घेऊ नका. सगळ्यात कडक ऊन एप्रिल-मेमध्ये, आणि शाळा तेव्हा एक तर सकाळची, नाहीतर सुट्टीवर.

एक गोष्ट सुरुवातीलाच करून घ्या: हेडसरांकडून शब्द. वाचलेल्या पैशातला अर्धा पोरांकडे. आमच्या हेडसरांनी आधी “बघू” म्हटलं, मग लिपिकांसमोर हिशेब मांडला तेव्हा मान डोलावली. पहिल्या सहा महिन्यांत पोरांना चार हजार मिळाले. व्हॉलीबॉलचं जाळं आलं, दोन चेंडू आले. त्यानंतर बटण बंद करायला कुणाला सांगावं लागलेलं नाही. फलक मी अजून रंगवून घेतो, कारण वर फोटो पाठवायचे असतात.

कचऱ्याचं वजन

विजेला मीटर तरी आहे, कचऱ्याला नाही. ते आपण व्हायचं. एक ताणकाटा घ्या, मोठी ताडपत्री, हातमोजे, सहा पोती. सहा दिवस शाळेचा एकही कण बाहेर जाऊ द्यायचा नाही. रोज शाळा सुटल्यावर ताडपत्रीवर ओतायचं, वेगळं करायचं, वजन करायचं, लिहायचं. आठवडा साधा निवडा. स्नेहसंमेलनाचा किंवा परीक्षेचा नको.

स्वच्छतागृहातला कचरा या ताडपत्रीवर येऊ देऊ नका. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या झाकणाच्या डब्यात, ते काम बाईंनी ठरवायचं आणि मावशींनी बघायचं. मुलींना ताडपत्रीपाशी कुचंबणा झाली तर पुढच्या वर्षी एकही मुलगी या गटात येणार नाही.

आमचा आठवडा ६२ किलो भरला. पालापाचोळा ३१, अन्न साडेसतरा, कागद ९, प्लास्टिक १.८ आणि बाकीचं (थर्माकोल, खडू, तुटकी पेनं, एक बूट) २.७. आकडे बघून पोरं म्हणाली, “सर, प्लास्टिक तर काहीच नाही.” म्हणून दुसऱ्या दिवशी प्लास्टिक वजनाऐवजी मोजायला लावलं. आठवड्याची चिप्स-चिवड्याची रिकामी पाकिटं ६४० निघाली. हलक्या गोष्टी मोजाव्यात, जड गोष्टी तोलाव्यात. रद्दीवाला ही पाकिटं घेत नाही, कंपोस्टमध्ये ती कुजत नाहीत, जाळली तर धूर वर्गात. ती येऊच नयेत एवढा एकच उपाय. फाटकासमोरच्या दुकानदार काकांशी आम्ही भांडलो नाही. त्यांना शेंगदाण्याचा लाडू आणि फुटाणे कागदाच्या पुडीत ठेवायला सांगितलं. ते ठेवतात. पाकिटं बंद झालेली नाहीत, निम्म्यावर आलीत.

अन्नाची गोष्ट जास्त रंजक आहे. पहिल्या तीन दिवसांत पोषण आहाराचा उरलेला भात आम्हाला जवळजवळ मिळालाच नाही. मी खूष. चौथ्या दिवशी स्वयंपाकीण ताई पाठमोऱ्या बादली घेऊन मागच्या दारानं जाताना दिसल्या. “म्हशीला नेते, सर,” त्या म्हणाल्या, “टाकायचं कशाला?” त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण म्हशीला गेलेला भातही पोरांच्या पोटात न गेलेला भातच. फक्त बादली तोलून न्या, एवढं त्यांना सांगितलं. मग अन्नाचा पूर्ण आठवडा नव्यानं तोलला, तेव्हा साडेसतरा किलो निघाले.

एवढं का उरतं? सहावी ते आठवीला दर मुलामागे १५० ग्रॅम धान्य, पाचवीला १००. ताई सकाळी येऊन पटावरच्या संख्येनं तांदूळ मोजायच्या, कारण तेव्हा हजेरी झालेलीच नसायची. गुरुवारी आमच्या गावचा बाजार, त्या दिवशी पाऊणशे पोरं गैरहजर. वहीत गुरुवारचा आकडा दुप्पट होता. आता सव्वाअकराला प्रत्येक वर्गाचा मॉनिटर हजेरी स्वयंपाकघराच्या फळ्यावर लिहून येतो आणि मगच तांदूळ मोजला जातो. एवढ्यानं निम्मं काम झालं.

उरलेलं ताईंनीच सांगितलं. “पोरं खात न्हाईत असं न्हाई, सर. पाचवीची पोरं रांगेत शेवटी. त्यांच्या ताटात पडतं तवर घंटा होते.” मी एक दिवस घड्याळ घेऊन उभा राहिलो. अर्ध्या तासाच्या सुट्टीत शेवटच्या पोराला ताट मिळालं तेविसाव्या मिनिटाला. रांग उलटी केली, पाचवी पहिली. आणि वाढताना आधी निम्मी पळी, मग मागेल तितकं. इथं एक सावधगिरी पाळा: भात उरू नये म्हणून कुणाच्या ताटात कमी पडता कामा नये. मागेल त्याला मिळालंच पाहिजे, आणि एखाद्या दिवशी थोडं उरलं तर उरू द्या. सध्या आठवड्याला सहा किलोच्या आसपास उरतं. ताई म्हणतात, “आमच्या म्हशीचा खुराक बंद केलासा.”

पाचोळ्याचं काय करायचं हे खरं तर सगळ्यांना माहीत असतं. फक्त शनिवारी मामांनी काडी ओढायच्या आधी कुणी तरी तो उचलायला हवा. आम्ही कोंबड्यांच्या जाळीचे दोन गोल पिंजरे केले, चार फूट रुंद, तीन फूट उंच. वीतभर पाचोळा, त्यावर भाजीची देठं-सालं, त्यावर शेणकाला, पुन्हा पाचोळा. सुकं दोन-तीन घमेली तर ओलं एक. शिजवलेलं अन्न पातळ थरात घाला आणि लगेच झाका, वरून जाळीचं झाकण. नाहीतर उंदीर-घुशी येतात आणि मग मामा पुन्हा काडी ओढतात. मुठीत दाबल्यावर ओलसर लागावं, पाणी टपकू नये. वास आला तर पाचोळा वाढवा, आत ऊब नसेल तर पाणी आणि शेण कमी पडलंय. पंधरा दिवसांनी एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात उलथा. तीन-चार महिन्यांत खत होतं. आमचं पहिलं खत कच्चं राहिलं, मी घाई केली आणि परसबागेतल्या मेथीची पानं पिवळी पडली. खत काळं, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं झालं की मगच वापरा.

कागद सोपा आहे. एका बाजूला कोरे राहिलेले कागद शिवून कच्च्या वह्या केल्या, बाकी रद्दीला. उत्तरपत्रिका मात्र किती वर्षं ठेवायच्या ते ऑफिसला विचारून मगच हलवा.

वही

शेवटी राहतं ते नोंदी टिकवण्याचं. मोबाईलवर टाकू नका. माझा मोबाईल बदलला तेव्हा एका सत्राच्या नोंदी गेल्या. शंभर पानी वही, मीटरच्या पेटीजवळ खिळ्याला दोरीनं टांगलेली. शनिवारी एक ओळ, सोमवारी एक ओळ, कोण वाचलं त्याची सही. कचऱ्याचं वजन वर्षातून दोनदा: एक पावसाळ्यात, एक दिवाळीनंतर. नोंद करणारी जोडी दर महिन्याला बदला आणि तिच्यात एक आठवीतलं, एक सहावीतलं पोर ठेवा. मोठं गेलं तरी धाकट्याला ठाऊक असतं.

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी मी गाडी लावत होतो तेव्हा वहीपाशी गर्दी दिसली. वजाबाकी ११.८ आली होती. सवयीचे दीड वजा जाता १०.३. आठवीतल्या पोरानं हातावरच पेनानं भागाकार केला, ४६ तासांनी, आणि मला म्हणाला, “सर, २२४ वॅट. तीन पंखे आहेत कुठंतरी.” अजून एकाही वर्गाचं कुलूप उघडलेलं नव्हतं. मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढं, मागं सगळी वरात. पाचवी, सहावी, सातवी बंदच. आठवी ब चं दार ढकललं, तर रिकाम्या बाकांवर तीन पंखे पूर्ण वेगात फिरत होते. आठवी ब म्हणजे त्या पोराचाच वर्ग.